‘कस्टममधून सुटलेले’ सोनेरी कटर

वागळे इस्टेटला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. दोन गाड्या आत, तिसरी रस्त्याला टेकून. दिवाळीच्या तोंडावर कामाची रीघ लागलेली असताना एक जण स्कूटरवरून आला, पायाशी दोन निळी खोकी. “शेठ, न्हावाशेव्याला कस्टममध्ये अडकलेला माल सुटलाय. थोडाच उरलाय.” हे वाक्य मी आजवर ड्रिल मशीनपासून परफ्यूमपर्यंत कशाकशासाठी ऐकलंय. तरी ऐकून घेतलं, कारण कटर खरंच संपले होते.

खोक्यात स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, काढायचे ८ मिलिमीटरचे कटर. चकचकीत सोनेरी, दांड्यावर ‘एचएसएस-को एम३५’ कोरलेलं, म्हणजे कोबाल्टवालं हायस्पीड स्टील. क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, बदलायचा तर कंपनीचे स्पॉट एकेक करून सोडवावे लागतात. हा कटर वरचा पत्रा तेवढा गोल कापतो, खालचा शाबूत ठेवतो. एम३५ म्हणजे ५ टक्के कोबाल्ट, तापला तरी धार टिकते. मी ६०० रुपयांना एक घेतो, हा १८० सांगत होता. इथेच कान टवकारायला हवे होते.

त्याने पिशवीतून पत्र्याची पट्टी काढली, आमचंच ड्रिल घेतलं आणि लोणी कापावं तशी चार भोकं पाडली. मी ४० कटर घेतले, शिवाय ग्राइंडरच्या १०० कटिंग डिस्क १८ रुपयांनी. ९,००० रुपये, यूपीआयवर. पैसे जाताना स्क्रीनवर कुणा बाईचं नाव आलं. “मिसेसचं खातं आहे,” म्हणाला.

दोन दिवसांनी एका हॅचबॅकचा मधला पिलर, म्हणजे दोन दारांमधला खांब, सोडवायला घेतला. तिसऱ्या स्पॉटला कटर किंचाळला, निळा पडला, दात गोल झाले. दुसरा लावला, तोही दोन स्पॉटमध्ये गेला. खरं सांगायचं तर नव्या गाड्यांच्या पिलरमध्ये बोरॉन स्टील असतं, फार कडक, तिथे अस्सल एम३५ सुद्धा दमतो, त्याहून कठीण कार्बाइडचा कटरच लागतो. म्हणून त्याला लगेच दोष दिला नाही. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं जुनं क्वार्टर पॅनेल पुढे ओढलं. साधा मऊ पत्रा. तिथे आठव्या स्पॉटला दात गेले.

आमचे डेंटर मामा तोवर गप्प होते. त्यांनी एक कटर उचलला. “दादा, बेंच ग्राइंडरकडे या जरा.” आधी आमचा जुना हायस्पीडचा ड्रिल बिट चाकाला लावला. ठिणग्या आखूड, काळसर लाल, सुतासारख्या. मग सोनेरी कटर लावला, आणि फुलबाजी पेटली. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या, प्रत्येकीच्या टोकाला फुटणारं फूल. “फूल फुटलं म्हणजे साधं कार्बनचं पोलाद. हायस्पीडला असं फूल येत नाही,” मामा म्हणाले. मी फडक्यावर थिनर घेऊन दांडा पुसला, तर सोनं फडक्यावर आलं. चांगल्या कटरवरचा अस्सल टायटॅनियम नायट्राइडचा कडक सोनेरी थर थिनरने जाईल होय? हा रंगच होता.

कटरचे पैसे गेले तर गेले. डिस्कचा मात्र आजही राग येतो. डिस्कच्या मधल्या भोकाला धातूची कडी असते, तिच्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. रेझिनने चिकटवलेला माल, तयार झाल्यापासून ३ वर्षं. इथे कड्या पॉलिशपेपरने घासलेल्या होत्या. एकीवर घासायचं राहिलं होतं, २०२१. आमचा चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे फिरतो. एक डिस्क मी नुसती हाताने वाकवली, तर पापडासारखी मोडली. गॅरेजमधला पोरगा हेल्मेटसुद्धा ओरडल्याशिवाय घालत नाही, त्याच्या हातात ही गेली असती तर? त्याच दिवशी सगळ्या मोडून भंगारात टाकल्या.

मग बिल नीट पाहिलं. पत्ता तुर्भ्याचा, पण जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ असतो, २४ गुजरातचा. जीएसटी पोर्टलवर टाकला तर कापडाचा धंदा निघाला. नंबर खरा, पण तो याचा नव्हे. मोबाइल बंद. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करून तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत.

आता दाराशी तो जुना पिलर पडून असतो. कुणी कटर विकायला आला की मी त्याच्याकडे बोट दाखवतो, यावर चालवून दाखव म्हणतो, आणि एक नग आधी ग्राइंडरला लावू देतोस का विचारतो. जानेवारीत एक जण होल सॉ, म्हणजे मोठी गोल भोकं पाडायचे कटर, घेऊन आला होता. पिलर बघून त्याला अचानक कल्याणला जायचं आठवलं.

शेजारचा लेथवाला सांगत होता, तो स्कूटरवाला सध्या रबाळे-महापेकडे फिरतोय. खोकी निळीच आहेत आणि नमुन्याची पट्टी अजूनही स्वतःच्या पिशवीतूनच काढतो.