टॅबलेटवरून पुन्हा जलरंगांकडे: काही महिने वापरून झाल्यावर

अनेक वर्षं इलस्ट्रेशनची सगळी कामं टॅबलेटवर केली. पावसाच्या तोंडावर पुन्हा जलरंग घेतले, आता थंडी पडू लागलीय. सुरुवात करणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की पैसे कागदावर घाला. रंग चार-पाचच घ्या, ब्रशही एखादा चांगला गोल पुरतो, पण कागदाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, जाड कागद), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत पोताचा.

लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, भराभर आणि डागाडागांनी वाळतो. दुसरा हात द्यायला गेलं की खालचा रंग उठतो, कधी कागदाचा भुगाही निघतो. कॉटनचा कागद पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आभाळ रंगवताना विचार करायला वेळ मिळतो. २२ × ३० इंचांची अख्खी शीट आणून आठ तुकडे करा. मागची बाजूही वापरता येते.

मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तपकिरी) मिसळून होणाऱ्या करड्या रंगाने. बोर्ड थोडा तिरका ठेवून हा वॉश सोडला की निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि तपकिरी कडेकडेने वेगळा होत जातो. पावसाळी ढग आपोआप दिसायला लागतो. टॅबलेटवर यासाठी टेक्स्चरचा ब्रश असतो, पण तो तोच तो ठसा उमटवतो. इथे पाणी थोडं कमी-जास्त झालं की पोतच बदलतो.

सवय मोडायला वेळ लागला तो उजेडाच्या बाबतीत. टॅबलेटवर उजेड शेवटी, वरच्या लेयरवर टाकायचा. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद, म्हणजे पहिल्या वॉशच्या आधीच तो कुठे हवा ते ठरलेलं पाहिजे. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा हातात धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या आडून झिरपणारा तो उजेड बघून अनेकांना ते तैलचित्र वाटतं, पण आहे ते जलरंगातलं. हे माध्यम कुठवर जाऊ शकतं ते मला त्या चित्रातून कळतं.

ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, म्हणून शेजारी त्याच कागदाची एक पट्टी ठेवा आणि छटा आधी तिच्यावर वाळवून बघा. ट्यूबवरचा पिगमेंट क्रमांकही, म्हणजे आत कोणतं रंगद्रव्य आहे त्याचा संकेत, वाचत चला. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी२९, तो टिकतो. पीआर८३ हा खरा अलिझरिन क्रिमसन, गडद लाल, दिसतो देखणा, पण उजेडात उडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात मी त्याऐवजी पीव्ही१९ हे टिकाऊ रंगद्रव्य वापरते.

पावसाळ्यात मात्र कसोटी लागते. वॉश वाळता वाळत नाही, आणि कागद उघडा राहिला तर दमट हवेने त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारी खळ, खराब होतं. मग तेवढ्याच जागी रंग शोषला जाऊन काळपट ठिपके उमटतात, ते काही केल्या जात नाहीत. सिलिका जेलची पुडी घालून कागद बंद पिशवीत ठेवा.

टॅबलेट विकलेला नाही, विकणारही नाही. ज्या कामात ग्राहक चारदा बदल सांगणार, ते तिथेच करते. शिवाय चित्राआधीचा छायाप्रकाशाचा आराखडा टॅबलेटवर करड्या रंगात झटपट जमतो. तो समोर ठेवूनच मी कागद भिजवते.