उशाशेजारचा फोन की बोटावरचा ऑक्सिमीटर?

झोपेत श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. तो ओळखायला फोनमधलं अ‍ॅप मायक्रोफोनने घोरणं आणि मधली शांतता टिपतं. अंगाला काहीच लावायचं नसल्याने महिनाभरही नोंद ठेवता येते. पण शेजारी दुसरं कुणी घोरत असेल तर गफलत ठरलेलीच! शिवाय रक्तातला ऑक्सिजन आवाजावरून कळत नाही.

घरच्या चाचणीच्या संचात नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर. झोप अवघडते खरी, पण तासाला श्वास किती वेळा अडखळला याचा आकडा मिळतो: 5 ते 15 सौम्य, 30 च्या वर तीव्र. दिवसा डुलक्या येत असतील, तर फोनने ‘सगळं ठीक’ म्हटलं तरी मी हीच चाचणी करून घेईन.