‘घरभाड्याची सरकारी मदत’: मशीनवर अंगठा ठेवण्याआधी

हातात अशोकस्तंभ छापलेलं पावतीपुस्तक, गळ्यात ओळखपत्राची दोरी, आणि तोंडात शुद्ध मराठी. कर्नाटकात असलेल्या बेळगाव सीमाभागात कचेरीत कानडीशिवाय ऐकायला मिळत नाही आणि इथे दारात येऊन कोणीतरी आपल्या भाषेत समजावून सांगतोय म्हटल्यावर निम्मं काम तिथेच झालेलं असतं. “मावशी, कोरोनात थकलेलं खोलीभाडं सरकार भरतंय. सीमाभागाची यादी आलीय, तुमचं नाव आहे. आज शेवटचा दिवस.”

या फसवणुकीसाठी वस्ती बघून गल्ली निवडली जाते. शहापूर, वडगाव, खासबागमधल्या विणकरांच्या खोल्या, उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत जाणाऱ्यांनी भाड्यानं घेतलेली घरं, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचं बिऱ्हाड. टाळेबंदीत माग थांबले, फाउंड्र्या थांबल्या, विड्यांची पानं-तंबाखू मिळेना, पण महिना उलटला की मालक दारात यायचा तो यायचाच. ती थकबाकी पुढे कित्येकांनी हप्त्याहप्त्यानं फेडली. ‘भाडं’ हा शब्द कानावर पडला की माणूस थांबून ऐकतो, ते उगाच नाही.

लोक विश्वास ठेवतात म्हणून त्यांना अडाणी म्हणणं चूक आहे. कारण सांगितलेल्या गोष्टीत खऱ्याचा अंश असतो. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला होता: मजुरांकडून एक महिना भाडं मागू नये, मजूर आणि विद्यार्थी यांना खोली सोडायला लावू नये. त्यात मालकाला थांबायला सांगितलं होतं. भाडेकरूच्या खात्यात एक रुपयाही येणार नव्हता. कर्नाटक सरकारनं मे २०२० मध्ये १,६१० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात न्हावी, परीट, रिक्षा आणि टॅक्सीचालकांना एकरकमी ५,००० रुपये आणि विणकरांना २,००० रुपये होते. मे २०२१ मध्ये पुन्हा १,२५० कोटींचं पॅकेज आलं. त्यात रिक्षाचालकांना ३,००० आणि फेरीवाल्यांना २,००० रुपये होते. हे पैसे धंद्यावरून मिळाले, बहुतेकांना सेवासिंधू पोर्टलवर अर्ज करून, थेट खात्यात. घरभाडं भरून देणारी वेगळी योजना त्यात नव्हती. पण शेजारच्या घरी खरोखर पैसे आलेले बघितले की ‘आपलेच राहिले असतील’ असं वाटणं स्वाभाविक आहे.

त्यात सीमेची भर. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. ती दवाखान्याच्या खर्चाची योजना. पण ‘८६५ गावं’ हा आकडा इथे प्रत्येकाला पाठ आहे, म्हणून ठग तोच आकडा वापरतात. “हे पैसे महाराष्ट्राचे आहेत, बेंगळूरला विचारू नका, इथल्या कचेरीत कळलं तर नाव कापतील.” या एका वाक्यात ते चौकशीची सगळी दारं बंद करतात. कचेरीत विचारू नका असं जो सांगतो, त्याला त्याच पावली परत पाठवा.

अशी मदत जगात कुठे झालीच नाही असंही नाही. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरमध्ये २५ अब्ज डॉलर आणि मार्च २०२१ मध्ये आणखी २१.५५ अब्ज डॉलर भाडेकरूंच्या मदतीसाठी मंजूर झाले होते. तिथे पैसा बहुतेक वेळा थेट घरमालकाच्या किंवा वीज कंपनीच्या नावावर जायचा, आणि त्याआधी उत्पन्न, भाडेकरार, थकबाकी सगळं तपासलं जायचं. तिकडचे व्हिडिओ मराठी आवाज घालून इकडे फिरवले जातात. त्यांचा बेळगावच्या भाडेकरूशी काही संबंध नाही.

आता फसवणूक कशी होते ते. फॉर्मचे २०० आणि ‘फाइल चार्ज’ ५०० रुपये जातात, त्याचं दुःख सगळ्यांना होतं. पण ती यातली सर्वांत लहान चोरी आहे. मोठी चोरी अंगठ्याची.

आधारवर बँकेतून पैसे काढायची सोय म्हणजे एईपीएस. तिला तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी लागत नाही, कार्ड लागत नाही. एका वेळेला १०,००० रुपयांपर्यंत निघतात. दारात आलेल्या माणसाकडे मोबाइलला जोडलेलं ठशाचं छोटं मशीन असतं. आधारची झेरॉक्स त्यानं आधीच घेतलेली असते, बँकेचं नाव पासबुकावरून घेतो. “केवायसी करायची, अंगठा ठेवा.” ठेवला. “उमटला नाही मावशी, पुसून परत ठेवा.” परत ठेवला. “आता दुसऱ्या हाताचा.”

निपाणीत हे सहज खपतं, आणि त्याचं कारण मनाला लागतं. वर्षानुवर्षं विड्या वळून बोटांच्या रेषा खरोखरच झिजतात. रेशन दुकानातही त्या बायकांना तीन-चार वेळा बोट ठेवावं लागतंच. त्यामुळे ‘उमटला नाही’ यात त्यांना काहीच वावगं वाटत नाही. प्रत्यक्षात पहिल्या वेळी पैसे निघालेले असतात, दुसऱ्या वेळी पुन्हा निघतात. मेसेज येतो तो बँकेला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो नाहीतर बंद पडलेला. पासबुक भरायला बँकेत गेल्यावर एईपीएसच्या नोंदी दिसतात. तोवर पंधरा दिवस गेलेले असतात.

खरं केवायसी आणि पैसे काढणं यातला फरक मशीन बघून कळत नाही, दोन्हीला एकच मशीन चालतं. बघायची ती मोबाइलची स्क्रीन. तिच्यावर बँकेचं नाव निवडलेलं असेल किंवा रकमेचा चौकोन असेल, तर ते केवायसी नव्हे, पैसे काढणं आहे. बोट ठेवण्याआधी “स्क्रीन माझ्याकडे फिरवा” एवढं म्हणा. नकार मिळाला तर हात मागे घ्या. अर्जाचं काम असेल तर ग्राम वन, कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रांत किंवा नाडकचेरीत जा. तिथे रांग लागेल, पण ठरलेली फी आणि पोच मिळेल.

जे आधारवर पैसे काढत नाहीत त्यांनी बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन ते फुकट होतं. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. लॉक केल्यावर रेशन दुकानात अंगठा चालत नाही, ३३० हा कोड येतो. घाबरून लॉक कायमचं काढू नका. रेशनच्या दिवशी तेवढ्या वेळापुरतं उघडता येतं, नंतर आपोआप बंद होतं. त्याच संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही दिसतं. ती यादी महिन्यातून एकदा घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.

दुसरा फास कागदाचा. ‘मदतीसाठी भाडेकरार लागतो’ म्हणून कोऱ्या किंवा कानडीत टाइप केलेल्या स्टॅम्पवर सही घेतात. इथल्या मराठी माणसाला कानडी बोलता येतं, बाजारापुरतं पुष्कळ येतं, पण अक्षर वाचता येत नाही. नेमकं तेवढंच ठगाला हवं असतं. मजकूर भाडेकराराचा नसतो. हातउसने पैसे घेतल्याची कबुली असते, नाहीतर अमुक तारखेला खोली खाली करायची संमती. कधी कधी असा माणूस मालकाच्याच ओळखीचा निघतो. त्याला मदत द्यायची नसते, जुना भाडेकरू काढायचा असतो.

वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. सही करण्याआधी ओळखीच्या कानडी माणसाकडून सगळा कागद मोठ्यानं वाचून घ्या, आणि चार शब्दांकडे कान द्या. ‘साल’ म्हणजे कानडीत कर्ज, आपलं वर्ष नव्हे. या एका शब्दानं घोटाळे होतात. ‘ओप्पिगे’ म्हणजे संमती. ‘मने खाली’ आलं तर घर सोडायची गोष्ट आहे. ‘बाडिगे’ म्हणजे भाडं. भाडेकरारात तो शब्द नसेल तर तो भाडेकरार नाही.

शिवाय ई-स्टॅम्पचा वरचा भाग इंग्रजीत असतो, तो नववीतलं पोरही वाचू शकतं.  त्यात दस्ताचा प्रकार, मोबदल्याची रक्कम, पहिला पक्ष, दुसरा पक्ष आणि तारीख असते. पहिल्या-दुसऱ्या पक्षात तुमचं आणि मालकाचंच नाव हवं. तिथे तिसऱ्याच माणसाचं नाव असेल, तर खाली काहीही लिहिलेलं असो, सही करू नका. कोऱ्या जागा राहिल्या असतील तर त्यावर आडवी रेघ मारा, प्रत्येक पानावर सही करा आणि झेरॉक्स तिथल्या तिथे घ्या. मालकाला भाडं रोख देत असाल तर महिना लिहिलेली पावती मागा. थकबाकीचा वाद झालाच तर पावतीच उपयोगी पडते. पावती मागितल्यावर जो मालक चिडतो त्याला भाडं खात्यावरच पाठवा.

फोनवरच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, तो पैसे जाताना लागतो. क्यूआर स्कॅन करणाऱ्याच्या खात्यात पैसे येत नसतात. ‘घरभाडे मदत’ नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका. ती बसली की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपी, दुसरीकडे वाचले जातात.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, बँकेच्या शाखेत जायच्या आधी. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवायचे असतात, त्यामुळे इथे तास मोजावे लागतात. फोन लावताना खाते क्रमांक, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हाताशी ठेवा. मग बँकेत लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत पडतं. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तरी कळवाच. कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची असते.

पोलीस ठाण्यात सीमाभागात एक उत्तर ठरलेलं असतं: फोन कोल्हापूरकडचा होता, तिकडे जा. तसं जायची गरज नाही. हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलं आहे. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं पोलीस ठाणं आहे. आणि तक्रार मराठीत लिहिली म्हणून कोणी परत करत असेल तर राज्यघटनेचं कलम ३५० दाखवा. गाऱ्हाणं मांडताना राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क त्यात प्रत्येकाला आहे. कानडी भाषांतर सोबत जोडलं तर काम लवकर होतं, म्हणून ते जोडावं. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ज्यांचे फक्त २०० रुपये गेले ते तक्रार करत नाहीत, लाज वाटते. पण तुमच्या आधारची झेरॉक्स, फोटो आणि सही त्याच्याकडे राहिलेली असते. त्यावर सिमकार्ड निघतं, खातं उघडतं, आणि दुसऱ्या कोणाला लुबाडलेले पैसे त्या खात्यातून फिरतात. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचारसाथी पोर्टलवर बघता येतं, अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो. खात्याचं मात्र सहा महिन्यांनी परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आल्यावर कळतं. त्या वेळी विचारतात एकच: हे कागद तुमच्या हातून गेले कधी? २०० रुपयांच्या तक्रारीची शिक्का मारलेली प्रत, त्या व्यवहाराच्या आधीच्या तारखेची, तेव्हा घरात असायला हवी.