व्हीलचेअरची हवेची गादी : कंट्रोल रूममधल्या दीड वर्षानंतर (५ पैकी ४)

गडचिरोलीच्या जंगलात पाठीत गोळी लागली तेव्हा मी सी-६० मध्ये, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात होतो. हेलिकॉप्टरने नागपूरला नेलं, वाचलो. गोळी मणक्याजवळ अजून आतच आहे. काढण्यात धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी हात लावला नाही. कागदावर लिहिलंय : डी १०, कम्प्लीट. म्हणजे बेंबीखाली काही कळत नाही. चिमटा नाही, चटका नाही, आणि चार तास एकाच हाडावर बसलो तरी बूड अवघडल्याचंही नाही. गादीवर एवढे पैसे का घातले, ते त्यासाठी.

पुन्हा कामावर जायचं म्हटल्यावर एका बाबूने सल्ला दिला, ‘भाऊ, घरी बसून पेन्शन घे ना.’ मी दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २०(४) ची झेरॉक्स खिशात घालून गेलो होतो. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, दर्जा कमी करता येत नाही, जमेल असं दुसरं काम त्याच पगारात द्यायचं. झेरॉक्स बाहेर काढायची वेळच आली नाही. साहेबांनी कंट्रोल रूम दिली.

तेव्हा खाली साधी फोमची गादी होती, अठराशेची. सहाव्या आठवड्यात बायकोला रात्री उजव्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. चार दिवसांत कातडी फुटली आणि मी तीन महिने पालथा. दीड महिना काम, तीन महिने रजा! त्या बाबूला हजेरीपट दाखवायचीसुद्धा मला लाज वाटायची.

मग ही घेतली. काळ्या रबराचे चार इंच उंच कप्पे, अंड्यांच्या ट्रेसारखे उभे, आतून एकमेकांना जोडलेले. एकच व्हॉल्व्ह, सोबत हातपंप, कव्हर आणि पंक्चरचं सामान. मला ३४ हजारांना पडली. आपण बसलो की हवा हाडाखालून सरकून बाजूच्या कप्प्यांत जाते, आणि भार एका जागी न राहता पसरतो.

दुकानदाराने गच्च फुगवून दिली होती. तशी वापरू नका. गच्च गादी म्हणजे गोटाच. तिच्यावर नीट बसायचं, मग बसायच्या हाडाखाली हात घालून हळूहळू हवा सोडायची. हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच फट राहिली पाहिजे. फार सोडली तर हाड थेट तळाला टेकतं, आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. ही तपासणी मी रोज सकाळी करतो, दात घासण्यासारखी.

आता आमच्याकडची गोष्ट, जी माहितीपत्रकात नव्हती. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाळ्यात, घराच्या ओसरीत हवा बरोबर करून निघालो, आणि कंट्रोल रूममध्ये एसी चालू. तासाभराने हात घातला तर फट जवळपास गेलेली. बाहेरची गरम हवा आत थंड होऊन आक्रसली होती. तेव्हापासून उन्हाळ्यात पोचल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा बघतो, पंप ड्रॉवरमध्येच असतो.

म्हणजे ड्रॉवर होता तेव्हा. चार इंच उंच झाल्यामुळे टोंगळे, म्हणजे गुडघे, टेबलाच्या ड्रॉवरला घासायला लागले. कळत नाहीच, पॅन्टचं कापड झिजलं तेव्हा लक्षात आलं. सुताराने ड्रॉवरच काढून टाकला. गादी घेण्याआधी टेबलाखालची उंची मोजा, तेवढंच सांगतो.

दुसरी अडचण डुलण्याची. डी १० ला पोटाचा जोर अर्धाच, त्यात खाली हवा. वरच्या फळीवरचं रजिस्टर काढताना दोनदा तोल गेला. आता रजिस्टरं डाव्या हाताला, खाली. एक तारा त्याचाच कापला. आणि मायेने कोणी वर घडीचा टॉवेल घातला तर काढून टाका. कापड ताणून बसतं आणि हाड कप्प्यांत रुतत नाही. आमच्या हवालदारमामांना हे तीनदा समजावलं, तरी थंडीत त्यांनी शाल घातलीच.

गादी आहे म्हणून उठणं सुटत नाही. दर अर्ध्या तासाला मोबाईल थरथरतो, मी टेबलावर कोपर टेकून दोनेक मिनिटं पुढे वाकतो. हातांवर उचलून घ्यायचो, पण खांदे बोलायला लागले. नवीन माणसाला वाटतं मी डुलकी घेतोय. तसंच वाकलेला असताना एकदा जुन्या पार्टीचा, म्हणजे माझ्या सी-६० च्या तुकडीचा वायरलेस आला, नाल्याजवळ पोचल्याचा. आवाज मी ओळखला. मी लोकेशन लिहून घेतलं, ‘रॉजर’ म्हटलं, आणि उरलेलं मिनिट तसाच वाकून राहिलो.

दीड वर्षात डाग नाही. बायको रात्री अजून मोबाईलच्या उजेडात बघते. पंक्चर एकदा झालं, खिशातल्या किल्लीने. सोबतच्या ठिगळाने घरीच काढलं, पाण्यात बुडबुडे बघून. पंप मात्र दोन घ्या. माझा पहिला पोराने वाढदिवसाच्या फुग्यांसाठी नेला, तो अजून सापडायचाय.