अडूर की अरविंदन: सुरुवात कोणापासून करावी?

जुना मल्याळम सिनेमा पाहायचा असं कोणी ठरवलं की दोन नावं हमखास पुढे येतात, अडूर गोपालकृष्णन आणि जी. अरविंदन. बहुतेक जण आधी अडूर पाहायला सांगतात. मी अरविंदन सांगेन.

अडूर (जन्म १९४१) सरकारी नोकरी सोडून १९६२ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले. परत गेल्यावर त्यांनी तिरुवनंतपुरममध्ये ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी उभी केली, पण पहिला चित्रपट ‘स्वयंवरम’ यायला १९७२ उजाडलं. अरविंदन (१९३५–१९९१) फिल्मशाळेत गेलेच नाहीत. ते रबर बोर्डात नोकरी करायचे आणि ‘मातृभूमी’ साप्ताहिकात व्यंगचित्रमालिका काढायचे.

हा फरक पडद्यावर लगेच जाणवतो. अडूरांचं सगळं तोलून-मापून असतं. ‘एलिप्पत्तायम’ (१९८१) म्हणजे उंदराचा पिंजरा. जुन्या जमीनदारी घराण्यातला उण्णी बहिणींच्या जिवावर जगतो आणि उंदीर चावला म्हणून रात्री अख्खं घर उठवतो. धाकटी बहीण पिंजरा तळ्यावर नेऊन बुडवते, ते पाहताना त्या घराचं काय होणार हे कुणी न सांगता कळतं. विलक्षण सिनेमा आहे, पण सरंजामी केरळची थोडी तरी ओळख असल्याशिवाय तो पुरता पोचत नाही.

अरविंदनांच्या ‘कुम्माट्टी’ला (१९७९) अशी तयारी लागत नाही. मलबारातल्या एका गावात गाणी म्हणत फिरणारा म्हातारा येतो, मुलांना प्राणी करून टाकतो आणि एक मुलगा कुत्राच राहून जातो. गवत, आभाळ, वारा आणि पोरांचा कल्ला! घरात मुलं असतील तर त्यांना घेऊन बसा. प्रत मात्र २०२१ ची पुनरुज्जीवित केलेलीच शोधा. त्या कामात मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचाही हात होता. रंग विटलेल्या प्रतीवर हा सिनेमा वाया जातो.

गंमत म्हणजे या दोन्ही चित्रपटांमागे पैसा एकाच माणसाचा होता, कोल्लमचे काजूव्यापारी के. रवींद्रनाथन नायर यांचा. असा निर्माता मिळायला नशीब लागतं.

गोष्ट हवीच असेल तर अडूरांचा ‘मतिलुकळ’ (१९८९) घ्या. तुरुंगाच्या भिंतीपलीकडच्या नारायणीवर जडलेलं प्रेम, आणि ती शेवटपर्यंत फक्त आवाजातूनच भेटते. स्मिता पाटीलसाठी अरविंदनांचा ‘चिदंबरम’ (१९८५) आहेच.

पुढे अडूर क्रमाने पाहा, अरविंदन कुठूनही. ‘तंपू’ (१९७८), म्हणजे आपला तंबूच, तेवढा फोनवर पाहू नका. सर्कस बघणाऱ्या गावकऱ्यांचे चेहरे हाच त्याचा जीव आहे, आणि ते मोठ्या पडद्यावरच नीट दिसतात.