जेलरोडच्या गॅरेजचा रिव्ह्यू: प्रत्येक गाडीत झोल, तरी गाडी इथेच टाका

नाशिकरोडला जेलरोड साईडला एक टू-व्हीलरचं गॅरेज आहे. बोर्ड नाही, म्हणजे पत्र्यावर कधीतरी नाव रंगवलेलं होतं पण आता तिथं नुसते ऑइलचे डाग दिसतात, मॅपवर पण नाही, त्यामुळे कमेंटमध्ये नाव विचारू नका. तिकडे जाऊन मामांचं गॅरेज विचारलं तर लोकं दोन-तीन मामांची गॅरेजं दाखवतील, त्यातलं ज्याच्या दारात सगळ्यात जास्त गाड्या उघड्या पडलेल्या दिसतील ते हे.

काम एक नंबर आहे हे आधीच सांगून टाकतो. पण पहिल्यांदा जाणारा माणूस तिथून घाबरून पळतो, आणि त्याला कारण मामांचा एक शब्द. काहीही विचारा, उत्तर येतं "झोल आहे". चेनमध्ये झोल, वायरिंगमध्ये झोल, चाक झोल मारतंय, पेट्रोलमध्ये झोल, आणि गाडी वेळेवर झाली नाही तर "झोल झाला भाऊ". नवीन गिऱ्हाईकाला वाटतं गेले पाच हजार. खरं म्हणजे यातला एखादा झोल फुकटात निघतो आणि एखाद्याला खरंच खिसा रिकामा होतो, तर कुठला झोल किती रुपयांचा हे कळावं म्हणून हा रिव्ह्यू.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात साधा झोल म्हणजे ढिलेपणा. कपडे वाळत घालायच्या दोरीला येतो तो, विजेच्या तारांना उन्हाळ्यात येतो तो, शिंप्याने खांद्यात गडबड केली की शर्टाला येतो तो. मामा गाडी मधल्या स्टँडवर घेतात, चेनच्या बरोबर मध्यावर खालून एक बोट लावतात, वर ढकलतात, सोडतात, आणि चाक थोडं फिरवून परत तेच. असं पूर्ण चाकभर करतात. मी विचारलं किती झोल आहे, तर म्हणे "इंचभर पाहिजेच, तुझ्या गाडीत दोन इंच हाय." मला तेव्हा गंमत वाटली की झोल पाहिजेच असं म्हणणारा हा पहिला माणूस भेटला. पण त्यांचं बरोबर आहे, साधारण १०० ते १२५ सीसीच्या गाडीला चेनमध्ये २० ते ३० मिलिमीटरचा खेळ ठेवायलाच लागतो. आपण सीटवर बसलो की मागचे शॉकअप दबतात, चिमटा (मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा) वर जातो आणि चेन आपोआप ताणली जाते. आधीच टाइट करून ठेवलेली असेल तर खड्ड्यात गाडी आदळली की सगळा ताण बेअरिंगवर आणि सॉकेटवर (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) येतो. सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या नाशिकचे रस्ते जसे उकरलेत ते बघता हे डोक्यात ठेवलेलं बरं. आणि ते पूर्ण चाकभर का बघतात तर चेन सगळीकडे सारखी ओढली जात नाही, एका जागी टाइट आणि एका जागी लोंबतेय असं झालं तर ॲडजस्ट करून उपयोग नसतो, मग चेन सॉकेटचा पूर्ण सेटच बदलावा लागतो. हा झोल महागाचा. नुसती ढिली असेल तर मामा दोन्ही बाजूचे नट सारखे फिरवून, खुणा जुळवून देतात आणि पैसे घेत नाहीत, फार तर चहा सांग म्हणतात.

क्लचच्या दांडीचा झोल पण याच जातीचा. दांडीच्या टोकाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळा खेळ पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका पोराने तो पूर्ण काढून टाकला, दांडी एकदम कडक लागते म्हणून खूश होता, आणि क्लच प्लेटी जळाल्या. असो.

दुसरा झोल म्हणजे सापडत नाही असा फॉल्ट, आणि यात मामा खरे खेळतात. माझा हॉर्न मधेच वाजायचा मधेच नाही. याआधी गाडी ज्या चकचकीत सर्व्हिस सेंटरला जायची (नाव नको, काचेचं केबिन, कॉफीचं मशीन, सगळं होतं) तिथे हॉर्न बदला म्हणाले, बदलला, तरी तेच. मामांनी हॉर्नला हातच लावला नाही. चावी चालू केली, बटण दाबून धरलं आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत राहिले. उजवीकडे वाजला. सरळ वाजला. डावीकडे पूर्ण वळवलं की गप्प. "वायरिंगमध्ये झोल," म्हणाले, आणि कोनसेटच्या (हँडल ज्याच्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) मागे जिथे सगळ्या वायरींचा जुडगा वाकतो तिथली टेप सोलून काढली. वरून वायर धडधाकट, पण दोन बोटांत धरून हलकेच ओढली तर रबर लांबलं, कारण आतली तार तुटलेली होती. हँडल वळवून वळवून आतल्या आत तुटते म्हणे, वरचं आवरण शाबूत राहतं. तुकडा जोडला, सोल्डर मारलं, टेप गुंडाळली, आणि वळताना ताण येऊ नये म्हणून वायरला मुद्दाम थोडा झोल ठेवला. म्हणजे झोल काढला आणि झोल ठेवून दिला, एकाच वाक्यात दोन्ही म्हणाले आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पन्नास रुपये.

आता तिसरा झोल, जो आपल्याला सगळ्यांना आधी आठवतो, फसवाफसवीचा. तो कळायला मी त्या सर्व्हिस सेंटरचं जुनं बिल मामांना दाखवलं. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि हाताचं काळं बोट एकेका ओळीवर ठेवत गेले. इंजिन ऑइल, ठीक. ऑइल बदलायची वेगळी मजुरी, जी सर्व्हिसच्या मजुरीत आधीच धरलेली. 'कन्झ्युमेबल्स' म्हणून एक रक्कम, कशाची ते कुठेच नाही. चेन क्लीनिंग आणि चेन ल्युब वेगवेगळ्या ओळीत. एअर फिल्टर बदलल्याचे पैसे, आणि फिल्टर उघडून बघितला तर काळाकुट्ट, जुनाच. मामा काहीच बोलले नाहीत, बिल घडी घालून परत दिलं आणि फक्त म्हणाले "हा झोल माझ्याच्यानं निघनार नाय." गॅरेजमध्ये बसलेले सगळे हसले. तेव्हापासून मी जुना पार्ट परत मागतो, कुठेही गाडी टाकली तरी. तुम्ही पण मागा, तो तुमचाच असतो.

इथं मला एक वाटतं, बघा पटतंय का. मराठीत घोळ पण आहे आणि झोल पण आहे, दोन्ही गोंधळालाच म्हणतात, पण घोळ आपोआप होतो आणि झोल बहुतेक वेळा कोणीतरी केलेला असतो. तारीख चुकली तर घोळ, तारीख चुकवली तर झोल. असा करणारा तो झोलर. मामा मात्र हा फरक पाळत नाहीत, त्यांच्याकडे निसर्गाने केलेला पण झोलच. पेट्रोलचंच घ्या. पावसाळ्यात माझी गाडी मिसिंग मारायला लागली, सकाळी किक मारून मारून पाय दुखायचा. मामांनी कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो भाग) खालचा ड्रेनचा स्क्रू ढिला केला आणि आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं, उन्हात धरलं. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाला बोटभर वेगळा थर, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडं पाणी असेल तर मुरून जातं आणि कळत पण नाही, पण टाकीच्या झाकणातून पावसाचं पाणी जास्त गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि कार्बोरेटर आधी तेच ओढतो. "पेट्रोलमध्ये झोल" याचा अर्थ हा. पंपवाल्याने काही केलं असं मामांना म्हणायचं नव्हतं, माझ्या टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं होतं. मी मात्र तोपर्यंत मनातल्या मनात पंपवाल्याला चार शिव्या घातल्या होत्या.

चाक झोल मारतंय म्हणजे रिम आऊट आहे, चाक डुगडुगतंय. स्पोक टाइट करून निघतं. सीट झोल मारतंय म्हणजे रेक्झिनला चुण्या पडल्यात. यात फार काही नाही, पुढे चला.

गॅरेजमध्ये कॅम्पातले जवान पण गाड्या घेऊन येतात, तोफखान्याचं सेंटर इथंच आहे ना. एकदा एक बंगाली जवान आला, मामांनी सवयीने "झोल है" सांगितलं, तर तो खुदकन हसला. म्हणे हमारे यहां झोल मतलब मछली का रस्सा. माछेर झोल, बटाट्याची फोड घातलेला पातळ रस्सा, रोजच्या भाताबरोबरचा. मामांनी गंभीरपणे विचारलं, "पतला रहता है क्या?" हां बोलला. "फिर ठीक है, ढीलाच हुआ ना." भाषेच्या पंडितांनी काय ते बघावं, पण मला तरी हे उत्तर एकदम पटलं. तसं हा पट्टा शब्दांच्या देवाणघेवाणीला जुनाच सरावलेला आहे. देवळालीच्या कॅम्पात मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत पडलेले गोरे सोल्जर डोक्याने कामातून जायचे, त्यावरून इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्दच तयार झाला, डोकं फिरलेला या अर्थाने. गावाचं नाव थेट वेडाला दिलं यांनी, आपला झोल त्यामानाने गरीब.

हाताखालच्या पोराचा झोल वेगळाच. तो फोन घेऊन मागच्या बोळात गेला की मामा ओरडतात "याचं काहीतरी झोल चालूये." तिथे कसला झोल ते सगळ्यांना माहितीये, तो पोरगा लाजतो आणि नेमका त्याच दिवशी नट आवळायचा राहतो. म्हणून इथून गाडी घेताना एकदा सगळे नट स्वतः बघून घ्या, हे मी मस्करीत सांगत नाही. माझ्या एका बाजूच्या आरशाचा नट ढिला राहिला होता, बिटको चौकात आरसा गर्रकन फिरला आणि मला मागच्या ट्रॅफिकऐवजी माझंच तोंड दिसायला लागलं. मामांना सांगितलं तर त्यांनी पोराला झापला आणि मला म्हणाले "झोल झाला, सॉरी." सॉरी ऐकलं, विषय संपला.

आता जे आवडत नाही ते. पहिलं म्हणजे वेळ. सकाळी टाकलेली गाडी संध्याकाळी देतो म्हणतात आणि संध्याकाळी इंजिन तसंच उघडं असतं, पार्ट आला नाही, माणूस आला नाही, लाईट गेली, काहीतरी झोल. फोन करून जा, आणि फोन उचलला नाही तर समजा गाडी झालेली नाही. दुसरं म्हणजे बिल. छापील बिल मिळत नाही, सिगारेटच्या पाकिटाच्या मागे आकडे लिहून देतात, ऑफिसला क्लेम करायचं असेल तर उपयोग नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, तुमची गाडी २०२० नंतरची असेल तर विचार करून जा. त्या वर्षी १ एप्रिलपासून बीएस-६ (गाडीच्या धुराचे नवीन नियम) लागू झालं आणि बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर जाऊन पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन आलं. त्यात सेन्सर असतात आणि फॉल्ट बघायला स्कॅनर लागतो, तो मामांकडे नाही. अर्थात ते लपवत पण नाहीत, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा दिसला की गाडीला हात लावत नाहीत, "हा झोल माझ्या अक्कलच्या पलीकडचा, कंपनीत ने" असं तोंडावर सांगतात. ब्रेक, चेन, टायर, केबल एवढं मात्र नवीन गाडीचं पण करून देतात.

रेट सांगायचे तर जनरल सर्व्हिसची मजुरी साडेतीनशे, ऑइल आपण आणलं तरी चालतं, उलट तेच म्हणतात समोरून घेऊन ये म्हणजे तुला माझ्यावर डाऊट नको. पार्ट बदलला की जुना पार्ट न मागता पिशवीत घालून हँडलला अडकवतात. फोनवर पैसे टाकता येतात पण क्यूआर कोड भाच्याच्या नावाचा आहे, नाव बघून दचकू नका, तो झोल नाहीये.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वेळेचा. शनिवारी जाऊ नका, एमआयडीसीवाल्यांना सुट्टी असते आणि रांग रस्त्यापर्यंत येते, मंगळवार-बुधवार सकाळी दहाच्या आत गाठा. आणि मामा झोल म्हणाले की घाबरून पाकीट चाचपण्याआधी एवढंच विचारा, "कुठला, मामा? पाना लागेल का पैसे?" ते बरोबर सांगतात.