हठयोग टीचर ट्रेनिंग: काही महिने शिकवून झाल्यावरचा अनुभव

२०० तासांचा पारंपरिक हठयोग टीचर ट्रेनिंग कोर्स करून बरेच महिने झालेत, सकाळची एक बॅच नियमित घेतेय, म्हणून आता लिहायला बसले. कोर्स संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, तेव्हा आपण हवेतच असतो.

स्वतःची साधना मात्र पक्की होते, यात वादच नाही. पहाटे जलनेती म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं, मग आसनं, प्राणायाम आणि दुपारी ग्रंथवाचन. हठप्रदीपिका नीट समजावून वाचून घेतली हे मला सगळ्यात आवडलं. स्वात्मारामांचा हा ग्रंथ साधारण १५ व्या शतकातला, त्यात आसनं सांगितलीत फक्त १५ आणि त्यातली बरीचशी बसूनच करायची, घेरंडसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या जुन्या ग्रंथात ३२. सूर्यनमस्कार दोन्हीत नाहीत! ते करू नयेत असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः करते, पण ‘पारंपरिक’ अशी पाटी लावून तासभर तेवढंच करून घेणारे क्लास बघितले की गंमत वाटते. प्राणायामातही घाई नव्हती, आधी नाडीशोधन म्हणजे आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास, कुंभकाचं म्हणजे श्वास रोखून धरण्याचं नाव बऱ्याच उशिरा.

आता घोडं कुठे अडलं ते सांगते. शिकवायचा सराव आम्ही एकमेकांवरच केला. म्हणजे समोर बसलेला प्रत्येक जण लवचिक, आसनाचं नाव घेतलं की करून मोकळा. खऱ्या बॅचमध्ये काय होतं, तर एक काकू येतात, वज्रासनात त्यांचे गुडघे दुखतात, शेजारच्या काकांना बीपीची गोळी चालू. काकूंच्या पोटरी आणि मांडीच्या मध्ये घडी घातलेलं ब्लँकेट दिलं की त्या जरा वेळ बसू शकतात, तरी दुखलं तर सरळ खुर्ची. काकांना कुंभक नाही, जोरात कपालभाती नाही, शीर्षासन तर नाहीच. कोर्समध्ये हे सगळं एका लेक्चरमध्ये उरकलं होतं, यादी लिहून घेतली आणि पुढे.

दुसरं म्हणजे बोलणं. आम्हाला सूचनांचं स्क्रिप्ट पाठ करायला लावलेलं, उजवा पाय, डावा पाय, श्वास घ्या, सोडा, अनुभवा, अखंड कॉमेंट्री. आणि त्याच हठप्रदीपिकेत योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टींमध्ये अत्याहार (अति खाणं), प्रयास (अति कष्ट) यांच्याबरोबर प्रजल्प म्हणजे फालतू बडबडही आहे!! ते साधकासाठी आहे हे मान्य, पण शिकवणाऱ्यालाही लागू पडतं असं माझं मत झालंय. आता मी पश्चिमोत्तानासनात ‘श्वास सोडत पुढे वाका’ एवढंच म्हणते आणि बघत राहते. कोणाचे खांदे कानाकडे चढले, जबडा आवळला, की समजायचं श्वास अडकलाय, त्याला थोडं मागे यायला सांगायचं. बोलत राहिलं की हे दिसतच नाही.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर बॅचमधल्या कोणीही ते आजपर्यंत विचारलेलं नाही. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा वेगळी असते, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही, नोकरीसाठी हवं असेल तर ती आधी बघा.

माझं रेटिंग: साधनेसाठी पाचपैकी साडेचार, शिकवायला तयार करण्यासाठी अडीच. फी भरायच्या आधी एकच विचारा, अगदी नवख्या माणसांवर शिकवायचा सराव किती तास देणार? उत्तरात ‘तुम्ही एकमेकांना शिकवाल’ असं आलं तर कोर्स झाल्यावर एखाद्या जुन्या शिक्षकांच्या बॅचमध्ये काही महिने असिस्टंट म्हणून उभं राहायची तयारी ठेवा, स्वतःची बॅच सांभाळून मी सध्या तेही करतेय.